झिपरीच्या बादलीतलं पाणी

माझी थोरली बहीण एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. आधी आठ वर्षं मळक्या कपड्यांचे गठ्ठे सोडायला, मग इस्त्रीच्या रुळावर. रूळ म्हणजे पुरुषभर लांबीचा तापलेला लोखंडी दंडगोल. दोघींनी दोन टोकं ताणून ओली चादर त्यात सरकवायची, पलीकडून ती कोरडी होऊन बाहेर येते. चादर तिरकी गेली की सुरकुती पक्की बसते, पुन्हा भिजवल्याशिवाय जात नाही. ताईची चादर तिरकी गेली असं मुकादमाला कधी म्हणता आलं नाही, आणि तो म्हणायला टपलेला असायचा.

मी प्लंबर. चाळीस वर्षं नळ बसवले, गळत्या काढल्या. गुडघे वाकेनात तेव्हा थांबलो. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मी तळमजल्यावर, ती दुसऱ्या मजल्यावर. मेहुणे लवकर गेले. मुलाने नोकरी लागल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला घर केलं, तेव्हापासून ती एकटी. खुशीने एकटी. म्हणायची, "माझ्या घरात चमचा ठेवला तिथेच सापडतो. तुमच्याकडे माणसं फार, चमचे हिंडतात."

हे मी तिच्याबद्दल लिहितो आहे. माझ्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, आणि जे आहे ते चांगलं नाही.

झिपरी तिच्याकडे आली ती कपड्यांच्या गठ्ठ्यातून. एक दिवस गठ्ठ्यांवर माणूस कमी होतं म्हणून तिला रुळावरून तिकडे धाडलं होतं. कुठल्याशा वॉर्डाच्या चादरी सोडताना बोटभर लांबीचा, सुतळीएवढ्या जाडीचा हिरवा तुकडा खाली पडला. तिला वाटलं, रबरी नळी असेल, सलाइनची वगैरे. कचऱ्यात टाकायला उचलला तर तो मधोमध मोडला आणि आतून ओला निघाला. ताईने दोन्ही तुकडे रुमालात बांधून घरी आणले. दोन दिवस तसेच पडू दिले, मग औषधाच्या छोट्या पेल्यात वाळू घालून उभे केले. असं करायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "जखम आधी सुकू द्यावी लागते, एवढं इस्पितळात कळतं."

तो निवडुंग होता. काटे नसलेला, वर न जाता खाली लोंबणारा. त्याच्या हिरव्या दोऱ्या दुभंगत दुभंगत खाली येतात आणि न विंचरलेल्या केसांसारख्या दिसतात, म्हणून तिने नाव ठेवलं झिपरी. पुढे इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं की हा पावसाळी जंगलातला निवडुंग, जमिनीत नाही, झाडांच्या फांद्यांवर राहतो. ताईने ते लक्षात ठेवलं. मातीऐवजी झाडाच्या सालीचे तुकडे, नारळाचा काथ्या आणि थोडा कोळसा घातला. भोकाभोकांची प्लास्टिकची टोपली घेतली आणि पूर्वेच्या खिडकीत टांगली. ऊन सरळ लागू नये म्हणून मधे जुना पातळ पडदा लावला.

पाणी कधी द्यायचं ते ती टोपली उचलून ठरवायची. तळहातावर टोपली घ्यायची, जराशी वर करायची, सोडायची. हलकी असली तर पाणी, नाही तर नाही. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं. वरून घालायचं, खालून सगळं निथळेपर्यंत थांबायचं. खाली परात असे, पण दोऱ्या लांब झाल्यावर पाणी त्यांच्यावरून ओघळून परातीबाहेरही पडे. मग फडकं घेऊन ती फरशी पुसायची. दर खेपेला. अकरा वर्षं.

हिवाळा संपता संपता झिपरीला बारीक पांढरी फुलं यायची आणि नंतर काचेच्या मण्यांसारखी फळं. इमारतीतल्या निम्म्या घरांत तिच्या तुकड्यापासून वाढलेली झिपरी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "मूळ पीठ कसं आहे?" ताई म्हणायची, "माहेरी सगळं ठीक आहे. लेकीला पाणी कमी घाला, सुजलीय."

मी त्या गळतीवर टीका करायचो. ताईच्या घरी थेंब पडताना बघून माझं डोकं फिरायचं. चाळीस वर्षं ज्याच्याशी भांडलो ते माझ्याच बहिणीच्या घरात चाललेलं.

"लादी खराब होतेय," मी म्हणायचो.

"लादी माझी आहे."

"दोन तासांचं काम आहे. मी करून देतो."

"धाकट्या, ते गळतं म्हणून जगतं," ती म्हणायची. "तू चहा पी."

मागच्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस ती मुलाकडे राहिली. किल्ली माझ्याकडे. दोनदा पाणी घाल, उचलून बघ, एवढंच सांगून गेली. मी पहिल्याच दिवशी मोजमाप घेतलं.

जस्ती पत्र्याची बादली केली, टोपली आत नेमकी बसेल अशी. टोपलीचा तळ आणि बादलीचा तळ यांत चार बोटं जागा ठेवली. काठ वळवला, सांधे कथिलाने झाळले. भरून एक दिवस ठेवली, खाली कोरडा कागद पसरून. कागदावर डाग नाही. भिंतीत दोन मजबूत ब्रॅकेट ठोकले, बादली त्यावर बसवली आणि वाऱ्याने हलू नये म्हणून काठाशी टोपलीसकट तीन स्क्रूंनी आवळली. टोपलीचा काठ बादलीच्या काठावर असा बसला की मधून नख जाणार नाही. काम चांगलं होतं. आजही म्हणेन, पत्र्याचं काम चांगलं होतं.

निथळलेलं पाणी चार बोटांत साठेल आणि हवेने उडून जाईल, असा माझा हिशोब. वाफेला जायला वाट लागते हे मला कुणी शिकवायला नको होतं. आणि ती बादली उचलता येत नव्हती. ताईचं मोजायचं साधन मी स्क्रूंनी भिंतीला आवळून टाकलं होतं. तेव्हा यातलं काही डोक्यात आलं नाही.

ताई परतली. डोळ्यावर काळा चष्मा. खिडकीपाशी गेली, बादलीवरून हात फिरवला.

"सुबक केलीस," ती म्हणाली. मग वाकून खालून बघितलं. "पाणी कुठे जातं?"

हा प्रश्न तिने सरळ विचारला. मी सरळ उत्तर द्यायला हवं होतं की कुठे जात नाही, आत राहतं. त्यावर ती म्हणाली असती, काढ. दहा मिनिटांचं काम. मी म्हणालो, "त्याची सोय केलीय."

"बरं," ती म्हणाली, आणि परात उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. माझ्या शब्दावर.

उचलून बघता येईना म्हणून ती दर सोमवारी पाणी घालू लागली. वरचे सालीचे तुकडे बोटाने चाचपायची, ते कोरडे लागायचे. फरशी पुसायचं काम संपलं होतं. दोन महिन्यांनी झिपरीच्या दोऱ्या पिवळ्या पडू लागल्या. मग मऊ झाल्या, काचेसारख्या आरपार दिसू लागल्या, हात लावला की गळून हातात यायच्या. ताई रोज सकाळी फरशीवरून त्या गोळा करायची.

"पाणी कमी पडत असेल," मी म्हणालो.

तिने अर्धा पेला वाढवला.

एका मंगळवारी ती डोळे तपासायला गेली होती. मी वर गेलो आणि तीन स्क्रू काढले. टोपली उचलली तेव्हा आतून जो वास आला तो मला ओळखीचा होता. तुंबलेल्या मोरीचा. पाणी सात बोटं होतं. चार बोटं मी ठेवलेल्या जागेत, तीन बोटं मुळांमध्ये. मुळं म्हणावी असं काही उरलंच नव्हतं, काळा चिखल होता.

ताई दीड तासाने येणार होती. मी पाणी मोरीत ओतलं. बादली साबणाने घासली. खाली जाऊन हातड्रिल आणलं आणि तळाला भोक पाडलं. नवं भोक चकाकतं. ते पहिल्यापासून असल्यासारखं दिसावं म्हणून त्याच्या कडेला ओली राख आणि मळ चोळला. टोपली परत बसवली, स्क्रू आवळले, फरशी पुसली, खिडकी उघडून वास घालवला. या कामाला पाऊण तास लागला. खरं सांगायला एक मिनिट लागलं असतं.

पुढच्या सोमवारी तिने पाणी घातलं आणि मला हाक मारली. मी वर गेलो तर ती खाली बघत उभी होती.

"गळतंय," ती म्हणाली. "इतके दिवस गळत नव्हतं."

"सोय होती ना केलेली," मी म्हणालो. "आज जास्त झालं असेल पाणी."

"नेहमीचंच तर घातलं."

"नेहमीचं वाटतं. तू सकाळी एकदा घातलं असशील."

माझ्या तोंडून हे सहज निघून गेलं. चाळीस वर्षं गिऱ्हाइकांकडे असंच बोलायची सवय. नळ तुम्हीच जोरात फिरवला असेल, वायसर तुमच्याच हाताने गेला असेल. ताई गिऱ्हाईक नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं, मग पाण्याच्या तांब्याकडे बघितलं.

"घातलं असेन का मी?" ती म्हणाली.

मी फडकं घेऊन फरशी पुसू लागलो. तेही उत्तरच होतं.

त्याच आठवड्यात भाचा आला. चांगला मुलगा आहे, आईवर जीव आहे. झिपरीचं ते सडलेलं खोड बघून त्याचा चेहरा उतरला. ताईने स्वतःच सांगितलं, "मीच मारली रे. दोनदा दोनदा पाणी घालत होते, आठवतच नव्हतं." मग त्याला इतर गोष्टीही आठवल्या. मागे एकदा दूध उतू गेलं होतं. एकदा दिवा जळत राहिला होता. असं माझ्या घरी आठवड्यातून दोनदा होतं. पण आता त्या सगळ्याला मधोमध एक खुंटी मिळाली होती, आणि ती मी ठोकली होती.

"मामा, तुम्हाला काय वाटतं?" त्याने जिन्यात मला विचारलं. "तुम्ही रोज बघता. गॅस चालू राहिला तर?"

"तुझी आई, तू बघ," मी म्हणालो.

भाचा तिला आपल्याकडे राहायला न्यायचं म्हणत होता. ताईने महिनाभराचा वेळ मागून घेतला. कॅलेंडर आणलं. औषध घेतलं की एक टिंब, गॅस बंद केला की एक टिंब, दार लावलं की एक. मी गेलो तर पेन्सिल हातात घेऊन कॅलेंडरसमोर उभी दिसायची.

"टिंब आहे," म्हणायची. "पण हे आत्ताचं की सकाळचं?"

जिने एकतीस वर्षं इस्पितळाच्या चादरी ओळीत घातल्या, ती बाई टिंबं मोजत होती. शिक्षिकाबाई झिपरीची एक दोरी कापून घेऊन आल्या. ताईने ती घेतली नाही. "नको हो," म्हणाली. "पुन्हा मारायला कशाला?" शिक्षिकाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मी बादलीच्या स्क्रूंकडे बघत राहिलो.

महिना संपायच्या आत ती हो म्हणाली. तिची पेटी जिन्यावरून मी खाली नेली. गुडघ्यांचं कारण सांगता आलं असतं, पण म्हटलं, निदान एवढं तरी कष्टाने करू. टेम्पोत बसताना तिने मला म्हटलं, "धाकट्या, बरं झालं तू सांगितलंस. घरच्या माणसाने सांगावं हेच बरं." टेम्पो गेला. मी तिथेच उभा राहिलो. वरच्या मजल्यावरून कुणी बघत असेल तर बघो, असं वाटलं, आणि कुणी बघू नये असंही.

अडीच महिने मी गेलो नाही. फोनवर गुडघे सांगायचो. शेवटी एका रविवारी दुपारी गेलो. सुनेने घर टापटीप ठेवलं होतं. ताईला मागची खोली, उजेडाची. काही कमी नव्हतं. ती खुर्चीत बसली होती, हात मांडीवर. माझ्या आठवणीत ताईचे हात मांडीवर कधी नव्हते.

"चहा टाकते," ती उठत म्हणाली.

"राहू द्या आई," सून स्वयंपाकघरातून म्हणाली. प्रेमाने म्हणाली. ताई बसली.

जेवायला बसलो. ताईने वाटीतली आमटी चाखली आणि सुनेला हळूच विचारलं, "मी यात मीठ घातलं नाही ना?" सून म्हणाली, "नाही आई, तुम्ही आत आलाच नव्हता." भाचा ताटात बघत होता. त्यालाही ते ऐकवत नव्हतं.

मी म्हणालो, "ताई, बादलीला भोक नव्हतं."

कुणाला काही कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. ती घट्ट केली होती, पाणी बाहेर जायला वाट नव्हती, झिपरी त्यात कुजली. मग मी चोरून उघडली, पाणी ओतलं, भोक पाडलं. ते जुनं दिसावं म्हणून मळ चोळला. हेही सांगितलं, कारण तेवढं सोडलं असतं तर पुन्हा अर्धंच काम झालं असतं.

"मामा," भाचा म्हणाला आणि त्याने ताट बाजूला सारलं.

ताईने विचारलं, "किती होतं पाणी?"

"सात बोटं."

"वास?"

"होता."

"उघडलीस कधी?"

"तू डोळे दाखवायला गेलीस त्या मंगळवारी."

ती मनात मोजत होती. "म्हणजे मी निघायच्या आधी पाच आठवडे."

"हो."

"त्यातले जवळजवळ चार आठवडे मी कॅलेंडरपुढे उभी होते," ती म्हणाली. "तू दारातून बघायचास."

"हो."

ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सून मागोमाग उठू लागली, तर भाच्याने तिचा हात धरला. आत भांडं ठेवल्याचा, गॅस पेटल्याचा आवाज आला. मग गॅस बंद झाल्याचा. ताई चार कप घेऊन आली. साखर बरोबर होती. तिने कुणाला विचारलं नाही. माझा कप माझ्यापुढे ठेवला, आदळला नाही.

"पुढच्या रविवारी मला घरी सोड," ती मुलाला म्हणाली.

"आई, इथेही..."

"इथे चांगलं आहे. मला घरी सोड."

तो सोडायला आला. पेटी त्यानेच वर नेली. मला हात लावू दिला नाही, म्हणाला, "गुडघे जपा, मामा." ताईने दुसऱ्याच दिवशी शिक्षिकाबाईंकडून झिपरीची दोरी मागून आणली. माझी बादली आणि ब्रॅकेट काढायला तिने इमारतीच्या रखवालदाराला बोलावलं. भिंतीत स्क्रूंची भोकं राहिली आहेत. ती बुजवून द्यावीत असं माझ्या मनात येतं.

ती माझ्याशी बोलते. जिन्यात भेटली की गुडघ्यांची चौकशी करते. गेलो तर चहा देते. पण मी काही म्हटलं की ते लगेच खरं धरत नाही. मी म्हटलं, आज पाणी उशिरा येणार आहे, तर ती मान हलवते आणि थोड्या वेळाने खिडकीतून रखवालदाराला विचारते. त्याला ऐकू यावं म्हणून मोठ्याने विचारते, मला मुद्दाम ऐकवायला नाही. तेवढा फरक मला कळतो.

मागच्या आठवड्यात पिशवी घेतलेला एक माणूस जिन्याशी आला. पन्नाशीचा, नीटनेटका. "दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे जायचंय," म्हणाला. "स्वयंपाकघरातला नळ गळतोय."

मी त्याला दार सांगितलं आणि त्याच्या मागोमाग वर गेलो. ताई दारात होती.

"मला सांगायचं होतंस," मी म्हणालो. "वायसर तर बदलायचा."

"तू तरी कुठे सांगतोस?" ती म्हणाली. रागाने नाही. जसं आहे तसं.

प्लंबर आत नळाखाली बसला होता. त्याने विचारलं, "पाणी बंद कुठून करायचं, बाई?" ताईने माझ्याकडे बघितलं. इमारतीचा मेन कॉक कुठे आहे आणि तो किती घट्ट बसतो हे माझ्याखेरीज कुणाला माहीत नाही. मी खाली गेलो. गुडघ्यांवर बसलो, झाकण काढलं आणि कॉक बंद केला. तो पूर्ण बसत नाही, थोडा दाब देऊन धरून ठेवावा लागतो. मी धरून बसलो. वर पान्याचा आवाज येत होता, घाई नव्हती. माणूस काम नीट करत होता.

वीस मिनिटांनी त्याने वरून हाक मारली, "सोडा."

मी सोडलं.